छोटा भीम आणि मोटू-पतलू: काटकसर चुकीच्या जागी

भारतात तयार झालेली टीव्हीवरची कार्टून म्हटली की ही दोन नावं आधी आठवतात. ‘छोटा भीम’ 2008 साली पोगो चॅनलवर सुरू झाली, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनची. ‘मोटू पतलू’ 2012 पासून निक चॅनलवर आहे. लोटपोट या हिंदी मासिकातली जुनी पात्रं कॉसमॉस-माया या स्टुडिओने थ्रीडीत आणली. त्याआधी मुलांच्या चॅनलांवर बहुतेक वेळ जपानी नाहीतर अमेरिकी मालिका डब होऊन चालायच्या. धोतर नेसलेला मुलगा, लाडू, समोसे, गावचा बाजार, राजाचा दरबार हे सगळं मुलांना रोज संध्याकाळी आपल्या पडद्यावर दिसू लागलं, ही मोठी गोष्ट होती. म्हणूनच निराशाही मोठी आहे. सुरुवातीच्या वर्षांतला एक भाग आणि अलीकडचा एक भाग लागोपाठ लावून बघा. चित्र जास्त चकचकीत झालंय, रंग सुधारलेत, पण गोष्ट सांगण्याची पद्धत जिथल्या तिथे आहे.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आपल्याकडे बजेट कमी. ते खरं आहे, आणि त्यामागचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. आपल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमने, म्हणजे 25 स्थिर चित्रांनी, चालतं. 11 मिनिटांच्या एका गोष्टीत 16,500 फ्रेम होतात. दर दोन फ्रेमना एक नवं चित्र धरलं तरी 8,250 चित्रं. ती सगळी हाताने काढणं टीव्हीच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून टूडीमध्ये कट-आउट पद्धत आली. पात्राचं डोकं, धड, दंड, पंजा, मांडी, पाऊल असे सुटे भाग एकदाच काढायचे, सांध्यांवर जोडून रिग, म्हणजे बाहुलीसारखा हलवता येणारा सांगाडा, बनवायचा आणि पुढे तोच हलवत राहायचा. बोलताना तोंडाचे आठ-नऊ ठरलेले आकार आलटून पालटून लावायचे, बाकी शरीर स्थिर ठेवायचं. चालण्याचं आवर्तन एकदा करून ठेवायचं आणि मागचं दृश्य सरकवायचं. अमेरिकेत हॅना-बार्बेरा स्टुडिओने 1957 पासून टीव्हीसाठी अशीच बचत केली. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी 1963 मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ अशाच मर्यादेत बसवली. टीव्हीचं ॲनिमेशन वाढलंच काटकसरीत. त्यामुळे चित्रं कमी आहेत, ही माझी तक्रार नाहीच.

तक्रार आहे ती बचत कुठे केली याबद्दल.

चालणं घ्या. पाय जमिनीवर घसरल्यासारखे का दिसतात? पात्राचं एक पाऊल 12 फ्रेममध्ये 60 पिक्सेल पुढे जात असेल, तर मागचं दृश्य फ्रेममागे बरोबर 5 पिक्सेल सरकायला हवं. ते 8 पिक्सेलने सरकवलं की पात्र बर्फावरून घसरतंय असं वाटतं. ही चूक सुधारायला पैसा लागत नाही, भागाकार आणि कुणीतरी तपासणारा लागतो. मारामारीचंही तसंच. ठोसा वजनदार दिसायचा तर मारण्याआधी हात चार-सहा फ्रेम मागे खेचला जायला हवा आणि ठोसा लागल्यावर चित्र दोन-तीन फ्रेम थांबायला हवं. इथे थेट रंगीत झगमगाट, वेगाच्या रेघा, आणि पुढच्या शॉटमध्ये खलनायक आकाशात. प्रत्यक्ष धक्का पडद्यावर येतच नाही, म्हणून भीमाची ताकद तोंडाने सांगावी लागते, डोळ्यांना जाणवत नाही.

थ्रीडीत दोष वेगळा असतो. ॲनिमेटर मुख्य पोझ देतो आणि मधल्या फ्रेम संगणक भरतो. संगणक त्या अगदी एकसारख्या भरतो, आणि खरं शरीर तसं हलत नाही. ते सुरुवातीला अडतं, मध्ये वेग घेतं, शेवटी सावरतं. म्हणून ब्लॉकिंग (मुख्य पोझ ठरवणं) आणि स्प्लाइन (मधल्या फ्रेम जोडणं) झाल्यावर पॉलिशची, म्हणजे हालचाल बारकाईने सुधारण्याची, तिसरी फेरी लागते. वेळ कमी पडला की आधी हीच फेरी कापली जाते. मग पात्र पाण्याखाली असल्यासारखं तरंगतं, बोटं वस्तूला नीट टेकत नाहीत, गर्दीत तोच चेहरा कपड्यांचा रंग बदलून चार ठिकाणी उभा दिसतो. ‘मोटू पतलू’त पळापळीचे शॉट बघताना हे जाणवतं. आवाजाची बाजू मात्र भक्कम आहे. मोटू आणि पतलू दोघांनाही सौरव चक्रवर्ती यांचाच आवाज आहे, आणि एका गळ्यातून दोन इतकी वेगळी माणसं उभी करणं हे अस्सल काम आहे.

पण हे सगळं मुलं माफ करतात, आणि मीही करेन. माफ होत नाही ती गोष्ट.

भीमाच्या बहुसंख्य भागांचा सांगाडा एकच. ढोलकपूर या त्याच्या गावावर संकट येतं, भीम आधी कमी पडतो, लाडू खातो, जिंकतो. मोटूचं संकटात डोकं चालत नाही, समोसे पोटात गेले की युक्ती सुचते. ठरलेला साचा असणं वाईट नाही, रोजच्या मालिकेला साचा लागतोच. वाईट हे आहे की सुटका बाहेरून येते. लाडू किंवा समोसा मिळण्याआधी पात्राने काय केलं, काय चुकवलं, कुणाला दुखावलं, याचा शेवटाशी संबंधच उरत नाही. मधली मिनिटं काढून टाकली तरी शेवट बदलत नाही. लेखकासाठी हे सोयीचं आहे, कारण मग मधे काय लिहिलं याला महत्त्वच राहत नाही.

याच्याशेजारी ‘डोरेमॉन’ ही जपानी मालिका ठेवा. साचा तिथेही तितकाच घट्ट आहे: नोबिता हा मुलगा रडत येतो, डोरेमॉनच्या खिशातून यंत्र निघतं. पण तिथे यंत्र सुरुवातीला येतं. नोबिता ते हावरटपणाने किंवा सूड घ्यायला वापरतो आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. शेवटी जी फजिती होते ती त्याच्याच करण्याने. जादूची वस्तू गोष्टीच्या दुसऱ्या मिनिटाला आली तर ती गुंता निर्माण करते. दहाव्या मिनिटाला आली तर गुंता पुसून टाकते. आपल्या मालिकांनी सतत दहावं मिनिट निवडलं. कट-आउट असो वा थ्रीडी, या निवडीचा बजेटशी काडीचाही संबंध नाही.

गोष्ट कमजोर असली की आवाजावर भार येतो. पात्र झाडावर चढताना दिसतंय आणि दुसरं ओरडतंय, “अरे, तो बघ झाडावर चढला!” पार्श्वसंगीत क्षणभर थांबत नाही. डोळे फिरले तरी ध्वनी, मान वळली तरी ध्वनी, पडल्यावर तीन ध्वनी. शांतता नसल्यामुळे विनोदाला जागा मिळत नाही, कारण हसू येतं ते पडण्याच्या आधीच्या थांबण्यात. साधी तपासणी करा. टीव्ही म्यूट करून पाच मिनिटं बघा. काय चाललंय, कुणाला काय हवंय हे कळलं, तर स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटमागून शॉट आधी चितारलेल्या आराखड्यावर, मेहनत झालेली आहे. नुसते हलणारे ओठ दिसले, तर तुम्ही चित्रं लावलेलं श्रुतिनाट्य बघताय.

पात्रांबद्दल मला जास्त राग आहे. भीमाची मैत्रीण चुटकी चुणचुणीत मुलगी आहे, पण लढाईच्या वेळी तिचं ठरलेलं काम भीमाकडे लाडू पोहोचवणं. दांडगाई करणारा मुलगा जाडा, आणि नाव कालिया. मोटू-पतलूच्या फुरफुरीनगरचा इन्स्पेक्टर चिंगम दाक्षिणात्य, आणि त्याच्या हिंदी उच्चारांवर हशा. चार-पाच वर्षांचं मूल हे पाठ करतं, कारण त्या वयात तोच भाग वीसदा बघितला जातो आणि चॅनलही तो वीसदा दाखवतं. शाळेत एखाद्या सावळ्या किंवा जाड्या मुलाला हाक मारायला शब्द तयार मिळतो. एवढी पोहोच असलेल्या मालिकांनी हे बदलायला हवं होतं आणि त्यांना वेळही भरपूर मिळाला.

कमी साधनांत चांगलं होत नाही म्हणणाऱ्यांनी ‘पेपा पिग’ बघावी. ब्रिटनमध्ये 2004 साली सुरू झालेली, पाच मिनिटांचे भाग, चेहऱ्याच्या एकाच बाजूला दोन्ही डोळे असलेली सपाट चित्रं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची ‘ब्लूई’ 2018 ची, सात मिनिटांचे भाग. दोन्ही मालिका कट-आउटच्या, आणि दोन्ही सेलॲक्शन या एकाच सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या. ‘ब्लूई’चा एक अख्खा भाग फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही एवढ्यावर उभा आहे. खलनायक नाही, जादू नाही. फुगा खाली यायला किती वेळ लागतो, कोण कुठून धावतं, कुठे थांबावं, हे स्टोरीबोर्डवर घासून घासून बसवलेलं आहे. प्रत्येक भागाला नवं संगीत आहे आणि ते गप्पही बसतं. या मालिकांमागे आपल्यापेक्षा जास्त पैसा आहे हे मान्य, पण फुग्याची कल्पना महागडी नव्हती.

परदेशी उदाहरण नको असेल तर आपलंच आहे. विजया मुळे यांनी 1974 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट. ॲनिमेशन भीमसेन यांचं. हालचाल मोजकी, रेषा साधी, आणि तरी मुलांच्या प्रश्नातूनच सगळं पुढे सरकतं. दूरदर्शनवर तो बघितलेल्या पिढीला आजही चिमण्यांनी एकत्र उचललेलं जाळं आठवतं. तिथे शेवटी जाळं मित्र उंदीर कुरतडतात, पण जाळ्यासकट उडून त्यांच्यापर्यंत चिमण्याच पोहोचतात; सुटका त्यांच्याच करण्यातून येते.

आणि ग्रीन गोल्डने स्वतःच दाखवून दिलंय. ‘माइटी लिटल भीम’ 2019 साली नेटफ्लिक्सवर आली. रांगणारा भीम, थ्रीडी, छोटे भाग, संवाद जवळजवळ नाहीतच. बाळाला लाडू हवाय, लाडू उंचावर आहे, आणि मधे येणारा प्रत्येक अडथळा त्याच्याच खटपटीतून तयार होतो. लाडू इथेही आहे, पण तो ध्येय आहे, औषध नाही. संवाद काढून टाकल्यामुळे चित्राला बोलावंच लागलं. त्याच नगरीतली, त्याच पात्राची, त्याच कंपनीची मालिका इतकी वेगळी होऊ शकते, तर मूळ मालिकेबद्दल ‘चालतंय ना’ हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

मराठी घरांसाठी थोडं वेगळं. सोनी याय, निक यांसारख्या काही चॅनलांना मराठी ऑडिओ असतो. रिमोटवरचं ऑडिओ किंवा लँग्वेज बटण दाबून बघा; तुमच्या केबल किंवा डीटीएच कंपनीने तो ट्रॅक दिला असेल तरच यादीत दिसेल. मिळाला तरी फार आशा ठेवू नका. संवाद हिंदीवरून घाईने उतरवलेले असतात. “मला मदत करा” ऐवजी “माझी मदत करा” ऐकू येतं, आणि राजा, हलवाई, चोर सगळे एकाच स्टुडिओतली सपाट मराठी बोलतात. वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी ठसका असलेले आवाजाचे कलाकार महाराष्ट्रात रंगभूमीवर ढिगाने आहेत. मूळ मराठीत लिहिलेली, सहा-सात मिनिटांची, चार पात्रांची कट-आउट मालिका हा अशक्य कोटीतला खर्च नाही. चॅनलांना मात्र एकच हिंदी भाग करून तो अनेक भाषांत फिरवणं स्वस्त पडतं. जाहिराती तासाला 12 मिनिटांहून जास्त दाखवता येत नाहीत, मुलांच्या चॅनलांना दरही फारसे मिळत नाहीत, त्यामुळे एका भागावरचा खर्च जितक्या भाषांत वाटला जाईल तितकं बरं, असा त्यांचा हिशोब. हिशोब समजतो, त्यातून मुलांच्या कानावर पडणारी मराठी बिघडते, तेही दिसतं.

घरी काय करता येईल? चॅनल लावून ठेवण्यापेक्षा भाग निवडून लावा. नेटफ्लिक्सवर मुलांच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘पुढचा भाग आपोआप सुरू’ हा पर्याय बंद करता येतो, वयोमर्यादाही ठरवता येते. यूट्यूब किड्सवर सर्च बंद करा आणि फक्त तुम्ही मंजूर केलेले व्हिडिओ दिसतील असा पर्याय निवडा. नाहीतर भीमाच्या नावाखाली भलतंसलतं पुढे येतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, असं सांगितलंय. एक तास म्हणजे सात-सात मिनिटांचे आठ भाग, तेवढ्यासाठी चांगलं निवडणं जड नाही.

माझे गुण 5 पैकी: ‘छोटा भीम’ला 2, आणि त्यातला एक गुण ढोलकपूर उभं केल्याबद्दल. ‘मोटू पतलू’ला दीड, तोही मुख्यतः आवाजासाठी. ‘माइटी लिटल भीम’ला 4. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तीच लावा. सहा-सात वर्षांच्या मुलाला मूळ ‘छोटा भीम’च हवा असेल, तर किरमाडासारखे खलनायक आणि लढाया असलेले भाग टाळून खेळ, स्पर्धा, जत्रा यांवरचे भाग शोधा. त्यांत लाडूवाचूनही गोष्ट पुढे सरकण्याची शक्यता जास्त असते.