गोल्फचा पहिला आयर्न सेट: बॉक्स सेट, नवा सेट की वापरलेला?

गोल्फ शिकू लागलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे कोचच्या किंवा मित्राच्या क्लबवर (चेंडू मारायच्या काठीवर) निघतात, आणि चेंडू थोडाफार सरळ जाऊ लागला की स्वतःच्या आयर्न सेटचा, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या, आकडे घातलेल्या क्लबांचा, विषय निघतो. नागपुरात हा निर्णय मुंबई-दिल्लीपेक्षा अवघड जातो, कारण पाच-सहा कंपन्यांचे क्लब एका ठिकाणी हातात घेऊन, चेंडू मारून पाहून मग ठरवण्याची सोय इथे सहज मिळत नाही. खरेदी बहुतेक वेळा ऑनलाइन होते किंवा ओळखीतून होते, आणि दोन्हींत परत करण्याची वाट अरुंद असते. त्यामुळे नेमके काय पाहायचे हे पैसे देण्याआधीच ठरलेले बरे.

नवशिक्यापुढे साधारण चार पर्याय येतात: ओळखीच्या एखाद्या मुरलेल्या खेळाडूने देऊ केलेला जुना ब्लेड सेट, ड्रायव्हरपासून (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) पटरपर्यंत (चेंडू खळीत ढकलायचा क्लब) सगळे एकत्र देणारा बॉक्स सेट, नामांकित कंपनीचा नवा कॅव्हिटी बॅक सेट, आणि तसाच पण पाच-सात वर्षांपूर्वीचा वापरलेला सेट. माझा कौल बहुतेकांसाठी शेवटच्या पर्यायाला आहे. मात्र तो सरसकट लागू होत नाही, आणि अपवाद कोणते हे समजून घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

ब्लेड आणि कॅव्हिटी बॅक यांतला फरक आधी पाहू. ब्लेडच्या डोक्याची पाठ भरीव असते आणि वजन मधोमध एकवटलेले असते. चेंडू अगदी मध्यावर लागला तर फटका लाजवाब जातो, पण पाऊण इंच इकडेतिकडे लागला की अंतर घटते, दिशा बिघडते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. कॅव्हिटी बॅकमध्ये पाठीमागचे मधले लोखंड काढून ते कडांना, म्हणजे टाच, टोक आणि तळ या बाजूंना वाटलेले असते, त्यामुळे चेंडू मध्य सोडून लागला तरी डोके हातात कमी फिरते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी वजन कडांना नेण्याची ही कल्पना आधी पटरमध्ये आणि मग आयर्नमध्ये आणली. त्यांच्या पिंग कंपनीचा 1982 सालचा आय 2 हा सेट त्या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मानला जातो. आज नवशिक्यांसाठी ‘गेम इम्प्रूव्हमेंट’ या नावाने जे काही विकले जाते, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

म्हणून फुकट मिळत असला तरी ब्लेड सेट पहिला सेट म्हणून घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. ‘कठीण क्लबवर शिकलास की हात पक्का होतो’ असा सल्ला जुने खेळाडू प्रेमाने देतात. पण नवशिक्याला सर्वांत जास्त गरज असते ती वारंवार चेंडू मारण्याची आणि त्यातले पुरेसे फटके बरे जाण्याची. दहांतले आठ फटके हाताला झोंबणारे असतील, तर माणूस सरावाला जाणेच कमी करतो.

आता नव्या आणि जुन्या कॅव्हिटी बॅकची तुलना. इथे जाहिरातीतून सर्वांत मोठी गफलत होते, आणि ती लॉफ्टची, म्हणजे चेंडू जिथे लागतो त्या चेहऱ्याच्या तिरपेपणाची, आहे; तो जितका कमी, तितका चेंडू लांब पण खालून जातो. क्लबवर 7 हा आकडा असला, तरी त्याच्या चेहऱ्याचा तिरपेपणा किती अंशांचा असावा याचा कोणताही नियम नाही. टायटलिस्ट 620 एमबी या ब्लेडच्या 7 आयर्नचा लॉफ्ट 35 अंश आहे. पिंग जी 430 या अलीकडच्या गेम इम्प्रूव्हमेंट सेटच्या 7 आयर्नचा 29 अंश आहे. याच 620 एमबीचा 6 आयर्न 31 अंशांचा आणि 5 आयर्न 27 अंशांचा आहे, म्हणजे जी 430 चा ‘7’ हा लॉफ्टच्या हिशेबाने जुन्या पद्धतीच्या 5 आणि 6 च्या मध्ये बसतो. ‘या सेटने माझा 7 आयर्न वीस यार्ड लांब जायला लागला’ असे कोणी सांगितले, तर त्यातला बराच भाग हा आकडा बदलल्याचा परिणाम असतो.

नवशिक्याला याचा दुहेरी त्रास होतो. चेंडू उंच जावा म्हणून कंपन्या वजन खूप खाली नेतात, पण त्याचा फायदा स्विंगला पुरेसा वेग असेल तरच मिळतो. हळू स्विंगच्या माणसाचा कमी लॉफ्टचा 5 आणि 6 आयर्न हवेत उचलतच नाही. दुसरा त्रास सेटच्या खालच्या टोकाला आहे. जी 430 चा पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) 41 अंशांचा आहे. त्याच्याजवळ नेहमीचा 56 अंशांचा सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) ठेवला, तर मध्ये 15 अंशांची दरी राहते, आणि ती भरायला एक किंवा दोन वेज वेगळे विकत घ्यावे लागतात. त्याच कंपनीच्या 2017 च्या जी 400 मध्ये 7 आयर्न 30 आणि पिचिंग वेज 44.5 अंशांचा आहे, त्यामुळे मधली एकच वेज घेऊन काम भागते. सेट घेताना आकड्यांऐवजी लॉफ्टचा तक्ता पाहावा. प्रत्येक नामांकित कंपनी तो प्रसिद्ध करते. 7 आयर्न 30 ते 33 अंशांच्या आणि पिचिंग वेज 44 ते 46 अंशांच्या आसपास असलेला सेट नवशिक्याला सोयीचा, आणि हे माप पाच-सात वर्षांपूर्वीच्या सेटमध्ये अधिक सहज सापडते. वापरलेल्या सेटच्या बाजूने किमतीइतकेच हे कारणही मला वजनदार वाटते.

दोन क्लब प्रत्यक्ष हातात आले, तर ते जमिनीवर टेकवून वरून आणि मग तळाकडून पाहावेत. वरून दिसणारी कड ब्लेडमध्ये बारीक दिसते, कॅव्हिटी बॅकमध्ये जाड; तळ ब्लेडचा जेमतेम बोटभर रुंद असतो, कॅव्हिटी बॅकचा त्याहून बराच. नागपूरच्या मैदानासाठी या तळाकडे बारकाईने पाहायला हवे. पावसाळ्यात आपली काळी माती भिजून फुगते आणि अरुंद तळाचा क्लब चेंडूआधी जमिनीत रुतून बसतो. रुंद तळाचा क्लब त्याच चुकीत रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो. एप्रिल-मे महिन्यांत चित्र उलटे होते. गवत करपते, जमीन विटेसारखी टणक होते, आणि फारच रुंद, फुगीर तळ असलेला क्लब जमिनीवर आपटून वर उसळतो व चेंडूच्या पोटावर लागतो. त्यामुळे ‘सुपर गेम इम्प्रूव्हमेंट’ प्रकारातले अवजड तळाचे सेट आपल्याकडे वर्षभर साथ देतीलच असे नाही. मध्यम रुंदीचा आणि पुढची कड किंचित गोलवलेला तळ दोन्ही ऋतूंत चालतो.

धातूचाही इथे थोडा विचार करावा. ओतीव 17-4 स्टेनलेस स्टीलची डोकी टणक असतात; मुरमाच्या खड्यावर आपटली तरी त्यांना खाच सहसा पडत नाही आणि पावसाळ्यात ती गंजत नाहीत. घडीव मऊ कार्बन स्टीलच्या डोक्यांचा स्पर्श हाताला छान लागतो, पण त्यांच्यावरचा क्रोमचा थर उडाला की गंज धरतो. पहिल्या सेटसाठी ओतीव उत्तम. त्यांची एकच अडचण म्हणजे ती वाकवून लाय (क्लब टेकवला की दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) बदलणे अवघड जाते, आणि ठेंगण्या माणसाला हा मुद्दा लागू पडतो. नेहमीच्या मापाचे क्लब साधारण पाच फूट नऊ-दहा इंच उंचीचा खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून बनतात. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे हात खाली येतात, क्लबचे टोक जमिनीवरून उचलले जाते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे ओढला जातो. फरक थोडा असेल, तर ग्रिप अर्धा-पाऊण इंच खाली धरून काम भागते. जास्त असेल, तर सपाट लायचाच सेट शोधावा.

शाफ्टच्या, म्हणजे क्लबच्या दांड्याच्या, बाबतीत मात्र वापरलेल्या सेटमध्ये फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक. चांगल्या खेळाडूने काढलेल्या सेटमध्ये बऱ्याचदा ट्रू टेम्परचा डायनॅमिक गोल्ड एस 300 हा शाफ्ट असतो. त्याचे वजन जवळपास 130 ग्रॅम आणि फ्लेक्स (दांड्याची लवचिकता) स्टिफ, म्हणजे कडक. नव्या खेळाडूला तो पहिल्या दहा चेंडूंत जाणवत नाही, पण तासाभराने खांदे भरून येतात आणि स्विंग आखूड होतो. निप्पॉनचा एन. एस. प्रो 950 जीएच हा स्टीलचाच शाफ्ट 100 ग्रॅमच्या आत आहे, आणि ग्राफाइटचे आयर्न शाफ्ट साधारण 50 ते 80 ग्रॅमचे असतात. ग्रिपच्या खाली शाफ्टवर जी छोटी चिकटपट्टी असते, तिच्यावर नाव आणि फ्लेक्स लिहिलेला असतो. ऑनलाइन व्यवहारात त्या पट्टीचा स्वच्छ फोटो मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये. निरोगी प्रौढ पुरुषाने हलका स्टील आणि रेग्युलर फ्लेक्स घ्यावा. पंचावन्नच्या पुढच्यांनी, कोपर किंवा मनगट दुखत असणाऱ्यांनी आणि स्त्रियांनी ग्राफाइट घ्यावे, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागले तरी मोजावेत.

बॉक्स सेट हा अनेकांना कमीपणाचा वाटतो, आणि ते योग्य नाही. कॅलवेचा स्ट्रॅटा, विल्सनचे पॅकेज सेट, डेकॅथलॉनचा इनेसिस ही यातली परिचित नावे. यांतली आयर्न रुंद तळाची आणि सोपी असतात, शाफ्ट हलके असतात, शिवाय ड्रायव्हर, हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा सोपा क्लब), पटर आणि बॅग एकदम मिळते. उणीव आहे ती टिकण्यात आणि पुनर्विक्रीत. हात बसला की वर्षा-दोन वर्षांत आयर्न बदलावीशी वाटतात, आणि तेव्हा या सेटला फारशी किंमत येत नाही. तरीही दोन प्रकारच्या लोकांना मी बॉक्स सेटच सुचवेन. एक, ज्यांना हा खेळ पुढे चालू ठेवू की नाही याचीच खात्री नाही असे; आणि दुसऱ्या, खेळ सुरू करणाऱ्या स्त्रिया. स्त्रियांच्या बॉक्स सेटमध्ये लांबी, शाफ्ट आणि ग्रिपची जाडी हे तिन्ही एकत्र जुळवलेले असते, आणि वापरलेल्या बाजारात असा जुळलेला सेट शोधणे फार कष्टाचे आहे. नवऱ्याचा जुना सेट कापून आखूड करणे हा त्यावर उपाय नाही, कारण कापल्याने शाफ्ट अधिक कडक होतो आणि डोके हातात हलके लागू लागते. डावखुऱ्यांचीही अडचण तशीच: वापरलेले पर्याय इतके थोडे, की नवा सेट घेणेच बहुधा पदरात पडते.

वापरलेला सेट ठरवला, तर तो शोधायचा कुठे? नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे रेजिमेंटल सेंटर आहे. बदल्या आणि निवृत्त्या होत असतात आणि सामान आवरताना गोल्फचे सेट विकायला निघू शकतात. आपल्या कोचला आणि जिथे खेळतो तिथल्या कॅडींना (खेळाडूंची बॅग वाहणाऱ्या मदतनिसांना) सांगून ठेवावे; कोणाचा सेट कसा वापरला गेला आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असते. सेट समोर आला की सगळे क्लब टोकाला टोक लावून भिंतीशी उभे करावेत: लांबी अर्ध्या-अर्ध्या इंचाने उतरत गेली पाहिजे, आणि मधलाच एखादा वेगळा दिसला तर त्याचा शाफ्ट बदललेला आहे असे समजावे. डोके आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथली काळी कॉलर सरकलेली असेल, तर आतला गोंद सुटत आहे का ते डोके पिळून पाहावे. मेच्या उन्हात दिवसेंदिवस गाडीच्या डिकीत राहिलेल्या क्लबांत हे होऊ शकते, आणि आपणही तसे ठेवू नयेत. चेहऱ्यावरच्या खाचांतून नख फिरवावे. 8, 9 आणि वेजच्या खाचांत नख अडकले पाहिजे. ग्रिप तडकलेल्या असतील तर तेवढ्यासाठी चांगला सेट सोडू नये, नव्या बसवून घेता येतात. फक्त तो खर्च किमतीतून कमी करून मागावा. नामांकित कंपन्यांच्या नावावर नकली मालही विकला जातो. कोरा करकरीत दिसणारा ताजा मॉडेल निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर हात आखडता घ्यावा.

किती आयर्न घ्यावीत यावर फार विचार करण्याची गरज नाही. नियमाने बॅगेत 14 क्लब ठेवता येतात, पण नवशिक्याला 6 ते पिचिंग वेज आणि एक सँड वेज पुरतात. सेटमध्ये 4 आणि 5 आले तर ते घरी ठेवावेत आणि त्यांच्या जागी 24 ते 26 अंशांचा एक हायब्रिड घ्यावा, कारण हळू स्विंगलाही तो चेंडू उचलून देतो.

राहिला नवा कॅव्हिटी बॅक सेट. ज्याला आठवड्यातून तीन-चार वेळा खेळायला मिळणार आहे, ज्याची उंची किंवा हाताची लांबी नेहमीच्या मापात बसत नाही, आणि जो फिटिंगसाठी (क्लब आपल्या मापाला जुळवून घेण्यासाठी) मुंबई, पुणे किंवा बंगळुरूपर्यंत जायला तयार आहे, त्याने तो अवश्य घ्यावा. फिटिंगशिवाय, केवळ मॉडेल ताजे म्हणून, ऑनलाइन मागवलेला महागडा सेट मला सर्वांत कमी पटणारा पर्याय वाटतो. तो न घेता वाचलेल्या पैशांत महिनाभराचे तरी कोचिंग होते, आणि कोचने पहिल्याच आठवड्यात आपण घेतलेल्या सेटची लाय चेंडूच्या दिशेवरून तपासून दिली, तर पुढचे सगळे शिकणे योग्य मापाच्या क्लबवर होते.