भरतीचं कारण सांगून रद्द केलेली भूशास्त्र पदभ्रमंती

हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. चार दिवस समुद्राच्या कडेनं चालायचं, सोबत भूशास्त्राचे तज्ज्ञ, गट बारा जणांचा, दर माणशी साडेबारा हजार. जाहिरात अशी होती. हिवाळ्यातल्या एका पौर्णिमेला जोडून निघालेल्या या सहलीत लोकांना प्रत्यक्षात मिळाली ती बस, चाळीसेक माणसं आणि मुद्दे पाठ करून आलेला एक ट्रिप लीडर. ब्रोशरवर ज्यांचा फोटो होता ते तज्ज्ञ 'ऐनवेळी आजारी' पडले. हे प्रकार जुनेच आहेत. पण पैसे ज्या युक्तीनं बुडवले ती नीट समजून घ्यायला हवी, कारण ती कार्यक्रमपत्रिकेतच दिसत होती.

पत्रिकेत हरिहरेश्वरच्या शिलामंचाची, म्हणजे समुद्राकाठच्या सपाट खडकाची, वेळ पौर्णिमेच्या दिवशी सकाळी ११ ते १ अशी दिली होती. तिथे पोचल्यावर सगळा मंच पाण्याखाली. 'समुद्र खवळलाय, सुरक्षेसाठी चाल रद्द, नैसर्गिक कारण असल्यानं परतावा नाही' असं सांगून गटाला देवळाच्या आवारातूनच परत फिरवलं. उतरू दिलं नाही हे योग्यच झालं. देवळाच्या प्रदक्षिणेची वाट याच खडकावरून जाते आणि तिथे भरतीत लाटेनं माणसं ओढून नेली आहेत. पण भरती ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. ती कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी आगाऊ छापतो. कोकणातल्या कोळ्याला तर तेही लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की झालं.

हा हिशेब प्रत्येकानं शिकून घ्यावा. तिथीच्या आकड्याला पाऊण या अपूर्णांकानं गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा: भरती अकरा ते बाराच्या सुमारास, तीही उधाणाची. सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे मंच मोकळा होणार तो पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भरदुपारी. वेळ सोयीची, पण भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असल्यानं पाणी फारसं मागे हटत नाही. चालण्यासाठी सगळ्यात चांगल्या द्वितीया ते चतुर्थी. भरती रात्री दीड ते तीनच्या दरम्यान येते, म्हणून ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊला मिळते, आणि उधाण नुकतंच सरलेलं असल्यानं खडक बराच उघडा पडतो. तळ-ओहोटीच्या दीडेक तास आधी उतरायचं आणि ती उलटल्यावर तासाभरात वर यायचं. वेळ नक्की करताना मात्र जवळच्या बंदराचं कोष्टक बघावंच, पाऊणपट फक्त पडताळ्यासाठी.

म्हणूनच, ज्या पत्रिकेत पौर्णिमेच्या दुपारी शिलामंच लावलाय, ती बनवणाऱ्याला एकतर किनारा ठाऊक नाही किंवा तो चांगलाच ठाऊक आहे. दोन्ही बाबतीत पैसे भरू नयेत.

दुसरी खूण खाड्यांची. 'हरिहरेश्वर ते हर्णै किनाऱ्यानं सलग चाल' असं लिहिलं होतं. मध्ये सावित्रीची बाणकोट खाडी आहे. बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीनंच जावं लागतं. पुढे केळशीच्या अलीकडे भारजा नदीचं मुख, आणि आंजर्ले-हर्णैच्या मध्ये पुन्हा खाडी. प्रत्येक खाडी कशी ओलांडणार, बोटीचे पैसे कोण देणार आणि रोज नक्की किती किलोमीटर पायी, हे पत्रिकेत नसेल तर उरलेलं अंतर बसनंच कापलं जाणार.

तज्ज्ञांची परीक्षा पैसे भरण्यापूर्वी फोनवर घेता येते. आयोजकाशी बोलून भागत नाही, जो प्रत्यक्ष येणार त्याच्याशीच बोला. विचारा, हरिहरेश्वरच्या खडकावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी कशानं पडते? खारं पाणी बेसाल्टच्या बारीक छिद्रांत मुरतं, उन्हानं वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. 'लाटांनी' एवढंच उत्तर आलं तर समजून जा. करळ म्हणजे काय, हेही विचारा. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्यानं सांधला जाऊन किनाऱ्यावर तयार होणारा तो दगड. किनाऱ्याच्या दगडांत काम केलेला माणूस यावर अडखळणार नाही.

पावती कुणाच्या नावानं येते तेही बघा. इथे आगाऊ रक्कम एका व्यक्तीच्या यूपीआयवर गेली होती आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकानं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो क्रमांक मागा आणि संचालनालयाकडून खात्री करून घ्या. परताव्याच्या अटींत 'भरती-ओहोटीमुळे झालेला बदल नैसर्गिक कारणांत धरला जाणार नाही' हे वाक्य लिहून घ्या. प्रामाणिक आयोजकाला त्यात अडचण नसते.

फसवणूक झालीच तर सर्वांत आधी पुरावा जपा. तक्रार करणाऱ्यांना व्हॉट्सअॅप गटातून काढलं जातं आणि जाहिरात रातोरात बदलते, म्हणून गटातला संवाद आधीच एक्स्पोर्ट करा आणि जाहिरात व पत्रिका जपून ठेवा. बुडालेल्या शिलामंचाचा वेळेसह फोटो आणि त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक शेजारी ठेवलं की 'नैसर्गिक कारण' टिकत नाही.

आयोजक पैसे घेऊन गायबच झाला असेल तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा. पैसे पुढे वळवले जाण्याआधी खातं गोठवता आलं तरच ते परत मिळण्याची आशा असते. सहल झाली पण कबूल केलेलं मिळालं नाही, असं असेल तर तो सेवेतल्या त्रुटीचा दावा. लेखी नोटीस द्या, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सहलीसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे.