प्रॉग ऐकणाऱ्यानं कुठल्या साइट्स ठेवाव्यात : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ब्राउझरमध्ये माझं 'प्रॉग' नावाचं एक फोल्डर आहे. प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत. नऊ महिन्यांपूर्वी त्यात ४१ बुकमार्क होते. त्यातले आठ उरलेत, आणि रोज उघडले जाणारे जेमतेम चार. बाकीचे का गेले आणि हे का टिकले ते लिहून काढतोय. प्रोग्रेसिव्ह रॉक नव्यानं ऐकू लागलेल्या कुणाचे तरी दोन-तीन महिने वाचतील. माझे गेलेच.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली : प्रॉग आर्काइव्ज. हजारो बँड, प्रत्येक अल्बमला स्वतंत्र पान आणि ऐकणाऱ्यांनी दिलेले एक ते पाच तारे. ह्या ताऱ्यांचे अर्थ तिथं ठरवून दिलेत. पाच म्हणजे श्रेष्ठ कृती, तीन म्हणजे चांगला पण नसला तरी चालेल असा, दोन म्हणजे संग्राहकांपुरता, आणि एक म्हणजे ज्याला त्या बँडचं झाडून सगळं हवंय फक्त त्याच्यासाठी. मी काय केलं, तर सर्वोत्तम शंभरांची यादी काढली आणि वरून खाली ऐकत सुटलो. येसचा 'क्लोज टू द एज', मग जेनेसिस, किंग क्रिम्सन, पिंक फ्लॉइड. एकाहून एक थोर, आणि तीन आठवड्यांत माझे कान बधिर. जो अल्बम लावावा ती भैरवीच. मैफल मुळात सुरू कुठून झाली, ह्याचा पत्ताच नाही.

दोष यादीचा नाही, माझ्या घाईचा. त्या साइटचा खरा ऐवज आहे तो वर्गवारीत. सिम्फॉनिक, कँटरबरी, क्राउटरॉक (म्हणजे जर्मन), इटालियन, झॉइल (माग्मा ह्या फ्रेंच बँडची शैली), अगदी इंडो-प्रॉग आणि राग रॉक असाही एक कप्पा आहे. एकेका कप्प्यात शिरलं की मागची गोष्ट कळत जाते. रॉक इन ऑपोझिशन घ्या. १२ मार्च १९७८ला हेन्री काऊ ह्या ब्रिटिश बँडनं लंडनमध्ये चार देशांतले चार बँड बोलावून कार्यक्रम केला : इटलीचा स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचा सामला मामास माना, बेल्जियमचा युनिव्हर झेरो, फ्रान्सचा एत्रों फू ललूब्लाँ. रेकॉर्ड कंपन्या ह्यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून नावात विरोध. पुढे तेच नाव शैलीला चिकटलं. हे पाच बँड मी एका आठवड्यात ओळीनं ऐकले, तर एकाचा दुसऱ्याशी सुतराम संबंध लागेना. शैली कसली, तो मोर्चा होता!

तिथली परीक्षणं वाचायची माझी एक पद्धत आता ठरून गेलीय. पाच तारे देणारा आरती ओवाळतो, एक देणारा कसला तरी राग काढतो. तीन देणाऱ्यानं बहुतेक वेळा अल्बम ऐकलेला असतो. मी तीनवालीच वाचतो.

फोल्डरमधली सगळ्यात लाडकी साइट मात्र निराळी आहे : प्लॅनेट मेलोट्रॉन. एका माणसानं एका वाद्याचा ध्यास घेतला आणि ते वाद्य ज्या ज्या अल्बममध्ये वाजलंय ते हुडकून ऐकत सुटला, असा सगळा मामला. मेलोट्रॉन म्हणजे १९६३मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला बनायला लागलेलं, पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा, आणि त्यावर खरी व्हायोलिनं, खरी बासरी किंवा खरा गायकवृंद ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सूर वाजतो. पण फीत आठेक सेकंदांची. ती संपली की सूरही संपला. बोट उचलायचं, स्प्रिंग तिला मागे ओढते, मग पुन्हा दाबायचं. बँड गावोगावी घेऊन फिरायचे ते एम४०० हे मॉडेल ३५ पट्ट्यांचं.

ह्या साइटवर प्रत्येक अल्बमला दोन गुण मिळतात. संगीताला तारे, आणि मेलोट्रॉन किती व कसा वाजलाय त्याला इंग्रजी 'टी' हे अक्षर. म्हणजे एखादा अल्बम संगीत म्हणून सुमार आणि मेलोट्रॉन म्हणून अव्वल असू शकतो. खरं वाद्य कुठलं आणि त्याचे संगणकातले नमुने कुठले, ह्याचाही तिथं काटेकोर हिशेब आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं होतं. मग एका रात्री हेडफोन लावून किंग क्रिम्सनचं १९६९चं 'एपिटाफ' ऐकलं, आणि प्रत्येक सूर किती वेळ धरलाय ते बोटांवर मोजत बसलो. आठाच्या आत हात उचलावाच लागतो, हे माहीत झाल्यावर त्या व्हायोलिनांच्या लाटा वेगळ्याच ऐकू यायला लागल्या. त्या गाण्यातला निम्मा हुंदका वाद्याच्या त्या अडचणीतून आलाय, असं माझं मत झालंय. हे गाणं मी कितीतरी वर्षं ऐकत होतो. पाच ताऱ्यांच्या एकाही परीक्षणानं मला हे दाखवलं नव्हतं.

तिथून माझं एक ठाम मत झालं : साइट जितकी चिंचोळी, तितकी कामाची. कॅलिक्स हे दुसरं उदाहरण. फक्त कँटरबरी ह्या इंग्लिश गावाशी नातं सांगणारं संगीत : सॉफ्ट मशीन, कॅरव्हॅन, हॅटफील्ड अँड द नॉर्थ, नॅशनल हेल्थ. साइटचं नावही हॅटफील्डच्याच एका ट्रॅकचं. घराण्याची वंशावळ मांडावी तशी कोण कधी कुणाबरोबर वाजवत होतं ह्याची टिपणं आहेत. सॉफ्ट मशीन सोडल्यावर ड्रमर रॉबर्ट वायटनं नव्या बँडला मॅचिंग मोल नाव दिलं. मोल म्हणजे चिचुंद्रीसारखा, बिळात राहणारा एक प्राणी. पण फ्रेंचमध्ये सॉफ्ट मशीनला 'माशीन मोल' म्हणतात, त्यावरचा हा श्लेष. असल्या गोष्टी कळून ऐकण्यात फरक पडतो का? नाही पडत. मजा येते.

डिस्कॉग्जबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिनं मला शहाणं केलं, पण उशिरा. २०००मध्ये एका प्रोग्रॅमरनं इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नोंदीसाठी ती सुरू केली, पुढे सगळंच संगीत त्यात आलं. एका अल्बमच्या जगभर निघालेल्या आवृत्त्या तिथं वेगवेगळ्या नोंदवलेल्या असतात : लेबलचा रंग, कॅटलॉग क्रमांक, आणि शेवटच्या ट्रॅकनंतर तबकडीचा जो कोरा पट्टा उरतो त्यावर कोरलेली अक्षरंसुद्धा. मी किंग क्रिम्सनच्या पहिल्या अल्बमची एलपी ऑनलाइन मागवली होती, 'ब्रिटिश पहिली आवृत्ती' असं लिहिलेलं पाहून. फोटो फक्त कव्हरचे होते. कव्हर म्हणजे ते किंचाळणारं तोंड, बॅरी गॉडबरनं रंगवलेलं. तो १९७०मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्या चेहऱ्याकडे बघून मी लेबलचा फोटो मागायलाच विसरलो.

एलपी आली. पाकिटातून काढली तर लेबलवर ताडाचं झाड आणि भोवती गुलाबी कड. मग डिस्कॉग्ज उघडलं. आयलंड कंपनीच्या आयएलपीएस ९१११ ह्या क्रमांकाच्या सुरुवातीच्या प्रतींवर अख्खं लेबल गुलाबी असतं. ताडाचं झाड नंतरचं. टॉर्च तिरका धरून कोऱ्या पट्ट्यावरची अक्षरंही वाचली, निकाल तोच. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्यानं कळवलं, 'आमच्याकडे आलेली ही पहिलीच आहे.' आता मी आधी डिस्कॉग्जवर आवृत्ती ठरवतो, मग लेबलचा फोटो मागतो, मग पुढचं बोलतो. एलपी वाजते मात्र छान.

डीजीएम लाइव्ह ही किंग क्रिम्सनचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि निर्माता डेव्हिड सिंगलटन ह्यांनी १९९२मध्ये काढलेल्या रेकॉर्ड कंपनीची साइट. हक्क कलाकाराकडेच राहावेत हे त्या कंपनीचं तत्त्व. इथं किंग क्रिम्सनच्या मैफली तारीखवार लावलेल्या मिळतात. हा प्रकार मला फार भावला, कारण एकच बंदीश वेगवेगळ्या रात्री कशी उलगडते ते ऐकायची सवय आपल्या कानांना असतेच. त्यांचं 'स्टारलेस' हे गाणं स्टुडिओत १९७४च्या उन्हाळ्यात मुद्रित झालं, पण त्याआधीच ते मंचावर वाजत होतं. त्यात मधला तेरा मात्रांचा भाग येतो. गिटार जवळजवळ एकाच सुराला धरून बसते, तो सूर इंचाइंचानं वर चढतो, खाली बास आणि ड्रम्स घट्ट होत जातात. वेगवेगळ्या तारखांचं 'स्टारलेस' काढून फक्त हाच भाग ऐकायचा, असा एक रविवार मी घालवला. तेरा मात्रा हातावर मोजताना सम दोनदा चुकली.

नव्या बँडसाठी बँडकॅम्प. विकत घेतलेला अल्बम फ्लॅक ह्या, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या, स्वरूपात उतरवून आपल्याकडे ठेवता येतो, माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे. एका स्ट्रीमिंग सेवेवर जतन केलेला अल्बम एके सकाळी राखाडी झालेला दिसला, वाजेचना. त्याच सेवेवर वीस-वीस मिनिटांच्या रचनांच्या तुकड्यांमध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता घुसायची. ज्या संगीताचा जीवच जोडकामात आहे त्यात ही शांतता म्हणजे खडा. नव्या अल्बमवर मत हवं असेल तर डच प्रोग्रेसिव्ह रॉक पेज बघतो. नेदरलँड्समधून १९९५पासून चालू आहे, आणि तिथं कधीकधी एकाच अल्बमवर दोघं-तिघं लिहितात. दोघांचं जमलं नाही की माझं कुतूहल वाढतं.

४१पैकी ११ बुकमार्क मेलेलेच निघाले. नव्वदच्या दशकातली, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांची चाहत्यांची पानं. त्यातली सात इंटरनेट आर्काइव्हच्या, जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये सापडली. चित्रं गायब, मजकूर शाबूत.

आणि कधीकधी प्रॉगच्या पायवाटेनं चालता चालता माणूस संगीताबाहेरच निघतो. येसचा १९७३चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' : दोन एलपी, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना, सगळं मिळून सुमारे ८० मिनिटं. गायक जॉन अँडरसनला ही कल्पना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली. तळटीप कशाची, तर श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. ते पुस्तक वाच, असं त्याला सांगणारा जेमी म्यूर हा किंग क्रिम्सनचा तालवादक, आणि हे बोलणं झालं ते येस सोडून क्रिम्सनमध्ये गेलेल्या ड्रमर बिल ब्रुफर्डच्या लग्नात! आत्मचरित्राची १९४६ची मूळ आवृत्ती प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे. मी तळटीप शोधायला गेलो आणि दोन रात्री पुस्तकच वाचत बसलो. तळटीप चार-सहा ओळींची. अल्बम ८० मिनिटांचा. तिसरी बाजू मला अजूनही लांबलेली वाटते, त्याला श्रुती-स्मृतींचा इलाज नाही.

फोल्डरमध्ये परवा नववा बुकमार्क आलाय. इटालियन प्रॉगची साइट, बँडची नावं वर्णानुक्रमानं लावलेली. ठरवलंय की 'ए'पासून ओळीनं जायचं. आरेआ ह्या बँडपाशी पोचलो, त्यांचा गायक देमेत्रिओ स्त्रातोसचा आवाज कानावर पडला, आणि आज तिसरा दिवस, मी अजून तिथंच आहे.