सिमेंटने बसवलेला खुबा : आईच्या शस्त्रक्रियेला वर्ष झाल्यावर

माझी आई ८१ वर्षांची असताना न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या मांडीचे हाड खुब्यापाशी, वरच्या टोकाच्या गोळ्याखालच्या अरुंद भागात, म्हणजे हाडाच्या मानेतच मोडले. हाड बरेच सरकले होते. अशा वेळी गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि या वयात हाड जुळून येण्याची आशा फारशी धरता येत नाही, म्हणून गोळा काढून धातूचा बसवायचा व त्याचा दांडा हाडाच्या पोकळीत सिमेंटने पक्का करायचा, असे सर्जननी सुचवले. सिमेंट हा शब्द ऐकून मी धसकलोच होतो. वर्षभर आईची चाल रोज पाहिल्यानंतर ही शस्त्रक्रिया आणि ती करणाऱ्या रुग्णालयाची सेवा, दोन्हींविषयी लिहीत आहे.

हे सिमेंट म्हणजे एक प्रकारचे अ‍ॅक्रिलिक असते. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की काही मिनिटांतच ते दगडासारखे घट्ट होते. ते डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या जाळीदार खाचाखोचांत शिरून दांड्याला आवळून धरते. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये जी खुबेबदल शस्त्रक्रिया रूढ केली, तीही सिमेंटवरच उभी होती. आईच्या एक्स-रेमध्ये दांड्याभोवती पांढरट कड दिसते, ती या सिमेंटचीच.

‘हा खुबा किती वर्षे टिकेल?’ हा प्रश्न नातेवाइकांनी आम्हाला सतत विचारला. माझ्या मते या वयात तो चुकीचा प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यात पायावर पूर्ण भार देता येईल का, हे विचारायला हवे, कारण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. सिमेंटशिवायचा दांडा ठोकून घट्ट बसवतात आणि त्यावर हाड धरायला काही आठवडे ते महिने जातात. ठिसूळ हाड त्या ठोकण्याने किंवा पुढे भाराने तडकण्याची भीती अधिक असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, खुब्याचे हाड मोडलेल्या साठ वर्षांवरील १,२२५ रुग्णांत सिमेंटचा आणि सिमेंटशिवायचा दांडा यांची तुलना होती. दांड्याभोवतीचे हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, तर सिमेंटशिवायच्या गटात २.१ टक्के होते, आणि चार महिन्यांनंतरचे जीवनमानही सिमेंटच्या गटात चांगले होते. मात्र वर्षभरात दोन्ही गटांतील साधारण चौथाई रुग्ण दगावले, हेही कुटुंबीयांनी आधी समजून घ्यावे. खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणी तितकेच गंभीर दुखणे आहे.

आईला दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्टनी उभे केले. वॉकरच्या मुठी तिने इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटांची पेरे पांढरी पडली होती. ‘आजी, पूर्ण भार द्या, काही होत नाही,’ असे ते म्हणाले आणि तिने खरोखरच चार पावले टाकली. त्या माणसाच्या धीराचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

तक्रार आहे ती माहिती देण्याबाबत. सिमेंट भरताना काही रुग्णांचा रक्तदाब आणि रक्तातील ऑक्सिजन एकाएकी उतरतो. हृदय वा फुप्फुसे कमजोर असतील तर हा धोका वाढतो. आईचा रक्तदाबही उतरला होता. भूलतज्ज्ञांनी तो वेळीच सावरला, पण अशी शक्यता असते हे आम्हाला शस्त्रक्रियेनंतर कळले. संमतिपत्रावर सही घेताना ‘नेहमीचेच आहे’ एवढेच सांगितले होते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांच्या वेळा होत्या, पण बुटक्या स्टुलावर बसू नये, पायावर पाय टाकू नये, कमोडची बैठक उंच करून घ्यावी, यांपैकी एक अक्षरही नव्हते. गोळा निखळू नये म्हणून हे सारे पहिले काही आठवडे पाळायचे असते, ते आम्ही फिजिओथेरपिस्टना फोन करून विचारले.

आज आई काठी घेऊन घरभर फिरते, जिना कठडा धरून चढते. पडण्यापूर्वी तिला काठी लागत नव्हती, ती आता लागते. खुबा मात्र दुखत नाही. शस्त्रक्रियेला मी पाचपैकी पाच गुण देईन, रुग्णालयाच्या सेवेला तीन. ते दोन गुण कापताना आणखी एक गोष्ट मनात आहे : हाडाच्या ठिसूळपणावरचे औषध आम्ही स्वतःहून विचारल्यावर चौथ्या महिन्यात सुरू झाले, आणि तोवर तिच्या दुसऱ्या खुब्याचा विचार कोणीच केलेला नव्हता.