तीन रंगांचे लेझर आणि पाण्याचा रनर: सात महिन्यांचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मी मेथडिंग, म्हणजे साच्यात धातू कुठून कसा सोडायचा ते बघतो. एका पंप बॉडीच्या ओतकामात ब्लो होल, म्हणजे हवा अडकून पडणारी भोकं, काही केल्या थांबेनात. साच्यात लोखंड कसं फिरतं ते दिसत नाही, म्हणून अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक रनर (साच्यात धातू नेणारी आडवी वाट) करून पाणी सोडलं. लोखंड पाण्यापेक्षा जड खरं, पण चिकटपणाला घनतेनं भागलं तर वितळलेलं लोखंड जवळपास पाण्याइतकंच पातळ असतं, त्यामुळे ही पद्धत भरवशाची.

लेझर मॉड्यूल तीन: लाल ६५०, हिरवं ५३२, निळं ४५० नॅनोमीटर. पुढे काचेची बारीक कांडी धरली की किरणाचा पातळ पडदा होतो. लाल पडदा कॅमेऱ्याजवळ, ८ मिलिमीटर मागे हिरवा, आणखी ८ मागे निळा. पाण्यात पॉलिअमाइडची (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकची) पूड, तिचे कण पडद्यात चमकतात. कण लालात विझून हिरव्यात पेटला, की तो मागे सरकला समजायचं. मधल्या अंधारात काय होतं ते मात्र कळत नाही. हे तीन कापच आहेत, अख्खा प्रवाह नव्हे.

पण त्या तीन कापांनीच डोळे उघडले. नुसत्या हिरव्या पडद्यात स्प्रूखालचा (धातू ओतायच्या उभ्या नळीखालचा) कोपरा सरळ वाहताना दिसायचा. तिन्ही लावल्यावर तिथेच कण हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, लाल असा पीळ घेत पुढे गेला आणि पिळाच्या पोटात हवेचे बुडबुडे अडकलेले. मी ते चित्रीकरण चार वेळा मागे घेऊन बघितलं.

तक्रारीही आहेत. हिरवं मॉड्यूल डिसेंबरच्या थंडीत सकाळी मिणमिणतं, जरा गरम झालं की सुधारतं. ६५० चा लाल डोळ्याला फिका पडतो. ६३५ चा घेतला, तो जवळपास दुप्पट उजळ दिसतो. नळाचं पाणी रात्रभर ठेवा, नाहीतर विरघळलेली हवा सुटून खोटे बुडबुडे दिसतात.

चष्म्यात काटकसर नको. प्रत्येक रंगाला चालणारा बघूनच घ्या, स्वस्त हिरव्या लेझरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही गळतो. एकदा मदतीच्या पोराच्या हातातल्या स्टीलच्या कड्यावरून निळा किरण सरळ माझ्या तोंडावर आला. चष्मा होता म्हणून निभावलं. आता खोलीत येताना कडं, घड्याळ, अंगठी बाहेर काढून ठेवायची.

धातू इनगेटमधून (रनरमधून साच्यात शिरायच्या तोंडातून) सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जोरात शिरला की उसळतो. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या मोबाइलवर त्या वेगाला कण दर फ्रेमला २ मिलिमीटर सरकतो, म्हणून मोजायला मागे मोजपट्टी चिकटवलीय. कोपरा गोल केला, रनर बारीक केला. पीळ अजून थोडा दिसतो, बुडबुडे दिसत नाहीत. नवा पॅटर्न (साचा पाडायचा लाकडी नमुना) सुताराकडे दिलाय.