टोपीकाची मन्रो शाळा: मुलांना घेऊन नक्की जा

कॅन्ससमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी टोपीकाचं नाव घेते. आमच्या ओव्हरलँड पार्कहून गाडीने साधारण तासाभरावर १९२६ साली बांधलेली मन्रो शाळा आहे. टोपीकात काळ्या मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या चार प्राथमिक शाळांपैकी ही एक. काळ्या-गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा खटला इथलाच. आता ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. प्रवेश फुकट.

आत गेल्यावर जाणवतं ते हे, की शाळा चांगली आहे. भक्कम विटांचं बांधकाम, मोठ्या खिडक्या, पूर्वीसारखा लावून ठेवलेला बालवाडीचा वर्ग. शिक्षकही उत्तम शिकलेले होते. इमारत आणि शिक्षक जवळपास तोडीस तोड असूनही, निव्वळ रंगामुळे पोरांना वेगळं बसवणं हाच अन्याय नाही का, हा प्रश्न त्यामुळेच या खटल्यात कोर्टाला टाळता आला नाही. माझ्या मते हे समजून घ्यायला तरी इथे यायलाच हवं.

लिंडा ब्राउन तिसरीत होती. समनर शाळा तिच्या घरापासून सात ब्लॉकवर, पण ती गोऱ्या मुलांची. म्हणून ही पोर रेल्वे यार्डातून चालत जाऊन बस पकडायची आणि मन्रोला यायची. तिचे वडील ऑलिव्हर ब्राउन सांता फे रेल्वेत वेल्डर. टोपीकातले असे १३ पालक कोर्टात उभे राहिले. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

लढा एकट्या टोपीकाचा नव्हता. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलमध्ये १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने १९५१ मध्ये अख्खी शाळा संपावर नेली. तिथल्या काउंटीने तर एकत्र शिकवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या! आणि आमच्या जॉन्सन काउंटीत, आजच्या मेरियममध्ये, काळ्या पालकांनी १९४९ मध्येच असा खटला जिंकला होता. इथे राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना हे ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मन्रो शाळेत आत एक अरुंद बोळ आहे. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर शाळेत निघालेल्या मुलांवर ओरडणारा जमाव दिसतो, आणि आपण त्याच्या मधून चालतो. माझी आठवीतली लेक माझा हात घट्ट धरून चालली. अगदी लहान मुलांना तिथे नेऊ नका.

बाहेर पडताना लेकीने उद्यानाची माहिती देणाऱ्या रेंजरबाईंना विचारलं, मग आमच्या वर्गात काळी मुलं इतकी कमी का? त्यांनी प्रश्न झटकला नाही. डेट्रॉइटच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की उपनगरांच्या स्कूल डिस्ट्रिक्टनी, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी, स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध होत नसेल, तर शहरातल्या शाळांचं विभाजन मोडायला त्यांना सामील करून घेता येणार नाही. हे त्यांनी तिला नकाशा काढून समजावलं. घर घेताना आपण सगळे ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दी बघतो, त्या हद्दींचीच ही गोष्ट. गाडीत आम्ही दुसरं काही बोललोच नाही.

दोन तास तरी हाताशी ठेवा. आधी सभागृहातली फिल्म बघा, मग वर्ग. मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते, ती आत शिरतानाच मागून घ्या.