वर्गासाठी प्रोजेक्टर की टीव्ही?
लोकवर्गणीतून जिल्हा परिषद शाळेला यातलं एकच घ्यायचंय, असं एका गुरुजींनी विचारलं.

खर्चात प्रोजेक्टरसोबत स्पीकर, पडदा आणि बहुतेकदा लॅपटॉपही धरा.

खरा प्रश्न उजेडाचा. कौलांच्या फटीतून ऊन आलं की पडद्यावरचं चित्र फिकं पडतं. खिडक्या लावल्या तर मुलांना वहीत लिहिता येत नाही. टीव्हीवर बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचे 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओ भर दुपारीही स्वच्छ दिसतात.

टिकाऊपणात, साध्या दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो, धुळीने फिल्टर तुंबतो. टीव्हीचा पॅनल फुटला तर मात्र दुरुस्ती परवडतच नाही, उंचावर लावा.

वीस-पंचवीस मुलांच्या वर्गाला टीव्हीच घ्या. सगळी शाळा एका हॉलमध्ये बसवायची असेल आणि अंधार करता येत असेल, तरच प्रोजेक्टर.